चार्ट आईचा, टिका लेकराच्या

सल्ला विचारणारं एक पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलंय. मिस्टरांचं खत-बियाण्याचं दुकान, मुलगी आठवीला, मुलगा पाचवीला. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात ताईंनी मुलाच्या अभ्यासाच्या जागेसमोर भिंतीवर चार्ट लावला. पहाटे ५ ला उठणे, गणित २ तास, इंग्रजी शब्द २०, शुद्धलेखन १ पान, मोबाईल बंद. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ‘मी डॉक्टर होणार’. चार दिवस चाललं. पुढं रकान्यांत ‘झालं’ म्हणून टिका होत राहिल्या पण वह्या कोऱ्याच. मग एक दिवस ताईंच्या लक्षात आलं की ९ दिवसांच्या सगळ्या टिका एकाच हिरव्या पेननं, एकाच बैठकीत मारल्यात, ज्या रविवारी सगळं घर मामाकडं बारशाला गेलं होतं त्या रविवारची पण टीक आहे. वडिलांनी मारलं. तेव्हापासून लेकरू नीट बोलत नाही. जावेचा मुलगा लातूरला शिकतो, तो म्हणे सातवीपासूनच ‘नीट’ची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतोय. ताई विचारतात, ‘माझ्या मुलात जिद्दच नाही का? त्याला ध्येय ठेवायला शिकवू कसं? यंदा नवोदयची, त्या सरकारी निवासी शाळेची, प्रवेश परीक्षा आहे. का सरळ लातूरला निवासी अकॅडमीत टाकू?’ पत्रात मधेच एक गोष्ट सहज आलीये, की हाच मुलगा उन्हाळ्यात आजोळी पोहायला शिकला, २० दिवस रोज विहिरीवर, पाठ सोलून निघाली तरी थांबला नाही. आणि शेवटी एक ओळ आहे, ‘मुलगी हुशार आहे, तिचं काही टेन्शन नाही.’

ताई,

पत्र वाचलं आणि ते हिरवं पेन काही डोळ्यापुढून जाईना. तुम्ही त्याला खोटारडेपणा म्हणताय. मला तिथं वेगळंच दिसतं. ज्या लेकराला खरंच काही पडलेलं नसतं ना, ते टिका मारत बसत नाही, ते त्या चार्टकडं बघतच नाही. तुमचा मुलगा नऊ दिवस त्या भिंतीसमोर बसला, रोज त्याला कळत होतं की आपलं राहिलंय, रोज ते रकाने रिकामे दिसत होते, आणि एक दिवस त्याला ते बघवेना म्हणून त्यानं सगळे भरून टाकले, आई खूश होईल म्हणून. खोटं ते खोटंच, त्याला मी चांगलं म्हणणार नाही. पण हे खोटं लाजेतून आलंय, आणि लाजेवर मार हे औषध नाही. मारानं लाज वाढते आणि पुढच्या वेळी तो प्रत्येक दिवसाला वेगळं पेन वापरेल.

यावर अभ्यास पण झालेला आहे. १९९८ साली अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीतल्याच मुलांवर प्रयोग केले होते. काहींना कोडी सोडवल्यावर ‘तू किती हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू किती मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली, त्यात सगळ्यांचेच मार्क घसरले. नंतर ते मार्क दुसऱ्या मुलांना कळवायला सांगितलं, तर ज्यांना हुशार म्हटलं होतं त्यांच्यात मार्क वाढवून सांगणारी लेकरं कितीतरी जास्त निघाली. म्हणजे एकदा का लेकराला वाटलं की माझी किंमत निकालावर ठरतीये, की निकाल लपवायची इच्छा होणारच. ‘मी डॉक्टर होणार’ असं भिंतीवर लिहून ठेवलेल्या लेकराचं असंच होतं, त्याला वाटतं एक रकाना रिकामा म्हणजे मी डॉक्टर होत नाही, म्हणजे मी आईला फसवलं.

आता जिद्दीचं. तुम्हीच लिहिलंय की पाठ सोलली तरी २० दिवस विहिरीवर जात राहिला. मग याला जिद्द नाही तर काय म्हणायचं? तुम्ही म्हणाल ते पोहणं झालं, अभ्यास वेगळा. पण विहिरीवर काय काय झालं असेल ते जरा बघा ना. पहिले दोन दिवस पायरीवर बसून नुसते पाय हलवले असतील. मग मामानं पाठीला डबा बांधला असेल. मग डबा बांधून या काठापासून त्या काठापर्यंत. मग एक दिवस डबा सोडला असेल आणि दोन हात पाणी कापून परत पायरी धरली असेल. रोज संध्याकाळी त्याला कुणी न सांगता कळत होतं की काल कुठं होतो आणि आज कुठं आलो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, विहिरीवर जा असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं, मामाच्या पोरांसारखी उडी मारायची हे त्याचं त्यानंच मनात घेतलं होतं. या दोन गोष्टी विहिरीवर होत्या आणि तुमच्या चार्टमध्ये नाहीत. मी एवढंच सांगायला हे पत्र लिहितीये.

आधी लांबच्या ध्येयाचं बोलू. नीटला बसायला १७ वर्षं पूर्ण लागतात. तुमचा मुलगा १० वर्षांचा. म्हणजे ७ वर्षं, आत्तापर्यंत तो जेवढा जगलाय त्याच्यापेक्षा थोडंच कमी. मोठ्या माणसाला ७ वर्षं म्हणजे एका कर्जाचे हप्ते, लेकराला ती कळतच नाहीत. १९८१ साली अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक यांनी एक प्रयोग केला, गणितात कच्ची असलेली ७ ते १० वर्षांची मुलं घेतली, वजाबाकीची ४२ पानं आणि ७ बैठका. एका गटाला सांगितलं की दर बैठकीला निदान ६ पानं कर. दुसऱ्याला सांगितलं की सातव्या बैठकीपर्यंत ४२ पानं संपव. हिशोब एकच आहे, सहा सत्ते बेचाळीस. पण ज्यांना ६-६ पानं दिली ती मुलं वजाबाकी चांगली शिकली, त्यांना स्वतःवर भरवसा आला आणि नंतर आवडेल ते काम निवडायची मोकळीक दिली तेव्हा आपणहून वजाबाकी करत बसली. ४२ पानंवाल्यांचं आणि ज्यांना काहीच ध्येय दिलं नव्हतं त्यांचं जवळपास सारखंच निघालं. लांबचं ध्येय देणं आणि काहीच न देणं यात लेकरासाठी फरक पडला नाही, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरच विचार करत होते, कारण शाळेत आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं ४२ पानंच सांगितली.

खरं तर यासाठी अमेरिकेत जायची पण गरज नाही. आत्ता खुरपणी चालू आहे, कुठल्याही सोयाबीनच्या रानात बघा. बाया पात, म्हणजे आपापल्या वाट्याचा पट्टा, धरतात. चार एकर रान समोर पसरलेलं असतं पण त्याच्याकडं कुणी बघत नाही, बघितलं तर हातच चालणार नाही. आपली पात, तिचा शेवट, तिथं पोचल्यावर घोटभर पाणी आणि मग दुसरी पात. लेकराला पात द्या, चार एकर नको.

तुमच्या चार्टमध्ये पाच कामं आहेत, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे ३५ रकाने. त्यातले २८ झाले तरी भिंतीवर ७ रिकामेच दिसतात आणि घरी येणाराजाणारा तेवढेच विचारतो. पहाटे ५ ला उठून गणित २ तास हे तर मोठ्या माणसाला पण रोज जमत नाही.

आता दुसरी गोष्ट, ध्येय कुणाचं. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षं शिकवलं. चौथीच्या वर्गात मी एकदा पाढ्यांचा तक्ता लावला होता, जेवढे पाढे तेवढ्या चांदण्या. एक पोरगा होता, त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे, त्या वर्षी तो आजीपाशी राहिला होता. त्याच्या नावापुढं दिवाळीपर्यंत दोनच चांदण्या. हळूहळू तो तक्त्याकडं पाठ करून बसायला लागला आणि मी त्याला आळशी समजले, एकदा वर्गासमोर बोलले पण तसं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढं एकदा मधल्या सुट्टीत सहज विचारलं, तुला काय यावं वाटतं रे? म्हणजे पाढे सोड, काय यावं वाटतं? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बाबाचा हिशोब. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली, टनाचा भाव काय, किती टन झालं, फिटली किती आणि राहिली किती, हे बापाला कळत नव्हतं आणि घरी त्यावरून भांडणं व्हायची. मी त्याच्यासाठी तक्ता बंद केला. आधी भावाला टनानं गुणायचं, तेवढंच. मग अर्धा टन, पाव टन आला की कसं करायचं. मग बेरीज, मग उचलीतून वजा. एकेक गोष्ट आठ-दहा दिवस. पाढे त्याला लागत होते म्हणून आपोआप पाठ होत गेले, १७ चा आणि १९ चा पण. चैत्रात आईबाप परत आले तेव्हा मी त्यांच्या घराकडं गेले होते, बाप उंबऱ्यात उकिडवा बसलेला आणि पोरगं वही घेऊन एकेक ओळीवर बोट ठेवून त्याला वाचून दाखवत होतं, आणि बाप दर ओळीला ‘पुढं’ म्हणत होता.

म्हणून ताई, पहिलं काम, तो चार्ट भिंतीवरून काढा. रागानं फाडू नका, त्याला सोबत घेऊन काढा आणि सरळ सांगा की हे मी तुला न विचारता लावलं होतं, ते जमण्यासारखं नव्हतं. मिस्टरांनी पण एकदा त्याला दुकानावर नेऊन, एकटं असताना, मारलं ते चुकलं असं म्हणावं. बापानं असं म्हटल्यानं धाक कमी होत नाही. टिकांचं एवढंच बोला की राहिलं तर राहिलं म्हण, त्यासाठी मार बसणार नाही, आणि मग हा शब्द पाळा, कारण तो परीक्षा बघणार आहे तुमची.

मग विचारा, तुला या दिवसांत काय यावं वाटतं? पहिलं उत्तर ‘माहीत नाही’ येईल नाहीतर तुम्हाला आवडणारं येईल, ‘पहिला नंबर’. थांबा. दोन दिवसांनी परत विचारा, भाकरी करताना, गाडीवर मागं बसलेला असताना, समोरासमोर बसवून नको. तो कदाचित म्हणेल गणपतीत मला ढोल वाजवायचाय, नाहीतर कबड्डीत शाळेच्या टीममध्ये जायचंय. तर तेच घ्या. तुम्हाला वाटेल यात अभ्यास कुठाय. पण ठरवणं, छोटं करणं, रोज थोडं करणं, चुकलं की परत सुरू करणं, ही सवय आहे आणि ती ढोलावर लागली की गणितात पण चालते. पहिलं ध्येय गणिताचंच पाहिजे हा हट्ट सोडा.

ते ध्येय त्याच्याकडूनच छोटं करून घ्या. आज रात्री झोपताना त्याला स्वतःला कळलं पाहिजे की झालं का नाही. ‘इंग्रजी सुधारणार’ हे कळत नाही, ‘धड्यातला एक परिच्छेद न अडखळता बहिणीला वाचून दाखवणार’ हे कळतं. आणि ते त्याच्या हातात पाहिजे. पहिला नंबर त्याच्या हातात नाही, तो बाकीची पोरं किती करतात त्यावर आहे. एका वेळी एकच ध्येय, १०-१५ दिवसांचं, जास्त नको. त्याच्या अक्षरात, त्याच्या वहीत, भिंतीवर नाही, पाहुण्यांनी वाचायला तर अजिबात नाही. आणि अडलं तर काय करायचं ते पण त्याच्याकडूनच आधी लिहून घ्या. लाईट गेली तर? पाहुणे आले तर? आपल्याकडं दोन्ही होतंच. ‘लाईट गेली तर मी सकाळी शाळेच्या आधी १० मिनिटं करीन’ एवढं लिहिलेलं असलं की एक दिवस बुडाला तरी आठवडा बुडत नाही.

रविवारी संध्याकाळी १० मिनिटं बसा, जास्त नको, वाढवलं की त्याची सुनावणी होते. काय झालं, काय राहिलं, कशामुळं राहिलं आणि पुढं हेच ठेवायचं का बदलायचं. राहिलं असेल तर ध्येय अर्ध्यावर आणा. २० शब्द जमले नाहीत तर ५. कमी केलं म्हणजे लाड केले असं समजू नका, डबा सोडून बुडायला लागला असता तर मामानं परत बांधलाच असता ना. आणि शाबासकी देताना ‘हुशार आहेस’ म्हणण्याऐवजी जे दिसलं ते सांगा, ‘काल तो भागाकार दोनदा चुकला तरी तू तिसऱ्यांदा केलास’. सायकलचं, मोबाईलचं आमिष नको, मग तो सायकलसाठी करतो आणि सायकल मिळाली की थांबतो. मोबाईलचा नियम करायचा तर घरात सगळ्यांना एकच करा, जेवताना चारही मोबाईल फळीवर.

तुमच्या स्वतःच्या एखाद्या छोट्या ध्येयाची वही पण त्याला दिसू द्या. काहीही असो, स्कुटी शिकणं, शिलाई मशीनवर बाही लावणं. तुमचं पण एखाद्या आठवड्यात राहील आणि त्याला ते बघायला मिळेल की आईचं राहिलं तरी आई तशीच आहे.

नवोदयचं विचारलंत. परीक्षा चांगली आहे, जरूर बसू द्या, एकदाच बसता येतं. पण आकडे लक्षात ठेवा, एका नवोदयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यात किमान ७५ टक्के ग्रामीण भागाला, आणि बसणारी पोरं हजारो. म्हणून ‘नवोदयला नंबर लागणे’ हे लेकराचं ध्येय करू नका, लागला नाही तर दहाव्या वर्षी तो स्वतःला नापास समजेल. ध्येय पेपरातलं करा. ८० प्रश्न, १०० मार्क, २ तास. त्यातले निम्मे, ४० प्रश्न, ५० मार्कांचे, आकृत्यांचे असतात, बाकी २० गणिताचे आणि २० भाषेचे. आकृत्यांत घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून उलगडल्यावर कसं दिसेल, आरशात आकृती कशी दिसेल, असले प्रकार येतात. गाईड नंतर घ्या, आधी त्याला जुन्या पेपरचे चौकोन कापून द्या, घडी घालायची, सुईनं भोक पाडायचं, उलगडायच्या आधी कुठं कुठं भोकं येतील ते पेन्सिलनं मांडायचं आणि मग उलगडून बघायचं. आठवडाभर तेवढंच. पुढच्या आठवड्यात घरातला हात-आरसा. चुकलं का बरोबर हे कागदच सांगतो, आईला सांगावं लागत नाही, त्यामुळं खोटी टीक मारायचं कारणच उरत नाही.

लातूरचं. तिथल्या क्लासेसमधून मराठवाड्यातली कितीतरी साध्या घरची पोरं मेडिकलला गेली, ते मी नाकारत नाही. पण ती बहुतेक दहावीनंतर गेलेली, स्वतः ठरवून गेलेली. पाचवीचं लेकरू, ज्याला आत्ताच मार बसलाय आणि जे घरी बोलत नाही, त्याला होस्टेलला पाठवलं तर त्याला वाटणार की मी खोटं बोललो म्हणून मला घरातून काढलं. तिथं याच्यापेक्षा मोठा चार्ट असतो आणि रात्री रडू आलं तर जवळ कुणी नसतं. माझं मत विचाराल तर आत्ता नाही. दहावीनंतर त्यानं मागितलं तर जरूर. तोवर जावेच्या मुलाचं नाव त्याच्यासमोर काढू नका, कौतुकानं पण नाही.

एक बघा मात्र. महिनाभरात तो बोलायला लागला नाही, जेवण-झोप बिघडली, किंवा वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, ओळी सुटतात असं दिसलं, तर ती जिद्दीची गोष्ट नसेल. वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, कुणी काही म्हटलं तरी.

आणि आता त्या शेवटच्या ओळीबद्दल. ‘मुलगी हुशार आहे, तिचं काही टेन्शन नाही.’ दोन पानांच्या पत्रात तिच्या वाट्याला एवढंच आलंय. ती आठवीला आहे, आपल्याकडं दहावीनंतर कॉलेज लांब आहे म्हणून किती पोरी घरी बसतात आणि किती जणींची लग्नं वयाच्या आधी उरकतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तिच्यासाठी भिंतीवर चार्ट नाही याचा एक अर्थ असा पण होतो की तिच्याबद्दल कुणी काही ठरवलेलंच नाही, किंवा ठरवलंय पण तिला सांगितलं नाही. तिला काय यावं वाटतं, तिला कुठं जायचंय, हे तिला कुणी विचारलंय का? ती वाट बघत असेल. हुशार पोरी मागत नाहीत, त्या वाटच बघतात.

या रविवारी जेवणं झाली की दोघांना घेऊन बसा, दोन वह्या आणा सारख्याच, आणि विचारायला सुरुवात तिच्यापासून करा.